एक पाय नोकरीत

डोंबिवलीत मुलगा सहा फुटांच्या वर गेला की त्याच्या उंचीवर त्याचा एकट्याचा हक्क उरत नाही. समोरच्या काकू माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढायला त्याला हाक मारतात. मंडळाची पोरं पताका बांधायला त्यालाच घेऊन जातात. शिडी असते, पण ती आणायला जावं लागतं, हा आपण होऊन चालत येतो. पाडव्याच्या शोभायात्रेत सगळ्यांत जड ध्वज कुणी न विचारता त्याच्या हातात देतं. लोकलमध्ये डोकं गर्दीच्या वर असल्यामुळे पंख्याचा वारा त्याला फुकट मिळतो, आणि गाडी हलली की कड्या कपाळावर वाजून त्याची वसुली करतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये असा एक मुलगा होता. त्याला सगळे लंबू म्हणत. पाहुणे आले की चहाच्या आधी त्याची उंची निघायची. “कुणावर गेलाय हो?” या प्रश्नाला आई म्हणायची, माझ्या भावावर. बाबा म्हणायचे, आमच्या आजोबांवर. तो भाऊ आम्ही पाहिला होता आणि आजोबांचा फोटो भिंतीवर होता. दोघंही साडेपाच फुटांत बसणारे. मग विषय मिटवायला पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणायचंच, “अरे, एवढी उंची आहे तर बास्केटबॉल खेळ ना!”

या एका वाक्यावर ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कितीतरी कारकिर्दी सुरू झाल्या असतील. क्रिकेटचं तसं नाही. क्रिकेट मुलगा स्वतः निवडतो. अजिंक्य रहाणे डोंबिवलीतून किटबॅग सांभाळत लोकलने सरावाला जायचा, ही गोष्ट इथल्या प्रत्येक बापाला पाठ आहे आणि प्रत्येक मुलाने ती निदान एकदा तरी जेवताना ऐकली आहे. बास्केटबॉलमध्ये खेळच मुलाला निवडतो. शाळेतले पीटीचे सर वर्गाच्या दारात उभे राहतात, मागच्या बाकावर नजर टाकतात आणि म्हणतात, “तू. उद्या शॉर्ट्स घेऊन ये.” बिचाऱ्याला खेळाबद्दल काही माहीत नसतं. तो उंच आहे एवढाच त्याचा गुन्हा.

तसं कोर्टाला आपल्याकडे तोटा नाही. घोडबंदर रोडला किंवा कल्याणच्या खडकपाड्याला नवं संकुल उभं राहिलं की त्याच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूल आणि जॉगिंग ट्रॅक यांच्या मध्ये बास्केटबॉल कोर्ट असतंच. चित्रातला मुलगा हवेत असतो आणि मागे त्याचे आईवडील टाळ्या वाजवत असतात. ताबा मिळाल्यावर कळतं की कोर्ट अर्धंच आहे आणि रिंगही एकच. त्या अर्ध्या कोर्टावर गणपतीत मंडप पडतो, नवरात्रात गरबा होतो, कोजागिरीला दुधाचं पातेलं येतं, आणि सोसायटीची वार्षिक सभाही तिथेच गाजते. उरलेल्या दिवसांत मुलं क्रिकेट खेळतात. रिंगचा खांब म्हणजे स्टंप.

ती रिंग कधी जवळ जाऊन पाहावी. बोर्ड प्लायवूडचा असतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडेने फुगून त्याचे थर सुटायला लागतात. जाळी अडकवायच्या कड्यांपैकी तीन-चार शाबूत असतात. त्यांना जाळीचे दोन दोरे लोंबत राहतात. जाळी नसलेल्या रिंगचा खरा त्रास वेगळाच. चेंडू बरोबर मधून गेला तर आवाजच येत नाही, आणि बाहेरून गेला तरी येत नाही. त्यामुळे दर बास्केटला वाद होतो. “गेला!” “कुठे गेला? मागून गेला!” अंगणात खेळून तयार झालेली पोरं नेमबाजीआधी वकिली शिकतात. चेंडू रबरी, त्याच्यावरचे दाणे झिजून पार गुळगुळीत झालेले. घामेजल्या हाताने तो पकडायचा म्हणजे दोन्ही तळवे लावावे लागतात. एका हाताने झेल घेणारे अमेरिकन खेळाडू टीव्हीवर पाहून लंबू म्हणायचा, “त्यांच्या चेंडूला दाणे असतात.” हे त्याचं प्रामाणिक तांत्रिक विश्लेषण होतं.

हा खेळ मुळात जन्माला आला तोच विद्यार्थ्यांना कामाला लावण्यासाठी. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीए या तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर थंडी, आत व्यायामशाळेत वैतागलेले अठरा विद्यार्थी. यांच्यासाठी छपराखाली खेळता येईल असं काहीतरी काढा, असा वरून हुकूम आला. नेस्मिथ यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून त्यानं पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवरच आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं जगभरची उंच माणसं एका जुन्या कठड्यापर्यंत पोहोचायला उड्या मारतायत. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे बास्केट झाली की शिडी लावून चेंडू काढावा लागे. पहिला सामना १-० असा संपला. म्हणजे शिडी एकदाच लागली. तरी शिपायाने कुरकूर केली असणारच.

नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहून काढले. त्यातला एक फार महत्त्वाचा: चेंडू घेऊन पळायचं नाही. पुढे याच नियमाला धरून पायांचं एक शास्त्र तयार झालं. चेंडू हातात घेऊन थांबलात की एक पाय जमिनीला रोवायचा. दुसरा पाय मग हवा त्या दिशेला, हव्या तितक्या वेळा फिरवता येतो. गिरकी घ्या, हूल द्या, पाठ करा, पुन्हा समोर या, सगळं चालतं. रोवलेला पाय मात्र भलत्या वेळी उचलला की शिट्टी वाजते आणि चेंडू समोरच्या संघाकडे जातो. त्या रोवलेल्या पायाला पिव्हट म्हणतात. तेवढं लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं या पायावर उभं आहे.

वायएमसीएचा हात धरूनच हा खेळ आपल्याकडे आला. मुंबईत त्याचं गोकुळ म्हणजे नागपाडा. भायखळ्याला उतरून चालत गेलं की गजबजलेल्या वस्तीत मस्तान वायएमसीएचं उघडं कोर्ट लागतं. अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. ते भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोला. तेव्हा बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला होता आणि जागा मोकळ्या झाल्या होत्या. आपण एकही सामना जिंकलो नाही. पण मध्य रेल्वेच्या प्रवाशाने त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. आपल्यालाही बसायला जागा मिळते ती समोरचा ठाण्याला उतरला म्हणूनच.

लंबू दहावी झाला आणि खेळाच्या कोट्यातून कॉलेजात गेला. ठाण्याचं जोशी-बेडेकर असो, कल्याणचं बिर्ला असो की डोंबिवलीचं पेंढरकर, इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली येतात, त्यामुळे शिडी सगळ्यांची एकच. आधी कॉलेजच्या संघात यायचं, मग आंतरमहाविद्यालयीन सामने खेळायचे, त्यातून विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभाग, आणि नशीब जोरावर असेल तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र हे या सगळ्या धडपडीचं फळ. पदकं धूळ खात पडली तरी चालतात. प्रमाणपत्र मात्र आई लॅमिनेट करून, पॉलिसीच्या कागदांबरोबर, कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवते.

कॉलेजातल्या खेळाडूचा थाट बघण्यासारखा असतो. हजेरीच्या यादीत त्याच्या नावापुढे सूट लिहिलेली असते. कॅन्टीनमध्ये त्याला दोन वडापाव सांगावे लागत नाहीत. पाठीवर विद्यापीठाचं नाव छापलेलं जाकीट तो मे महिन्यातसुद्धा काढत नाही. पण हाच वीर परगावच्या स्पर्धेला निघतो तो स्लीपरच्या डब्यातून. बर्थची लांबी सरासरी भारतीयाला समोर ठेवून काढलेली, त्यामुळे लंबूचे पाय घोट्यापासून पुढे वाटेत. रात्रभर येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या पायांना धडकतो आणि “भाईसाब, पैर” म्हणतो. पहाटे चहावाला धडकतो तेव्हा उठायची वेळ झालेली असते. त्याच दिवशी दुपारी सामना. हरल्यावर प्रशिक्षक म्हणतात, “झोप नीट झाली नाही वाटतं.”

त्याच सुमारास लंबूच्या खोलीत अमेरिकन खेळाडूंची पोस्टरं लागली. कॉलेजात खेळावं आणि तिथून थेट एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जावं हा अमेरिकेचा राजमार्ग, असं त्याला वाटे. राजमार्ग आहे, पण टोलनाका फार कडक. तिथे पहिल्या श्रेणीत खेळणारी कॉलेजंच साडेतीनशेच्या वर, आणि दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, दोन फेऱ्या मिळून साठच्या आसपास नावं पुकारली जातात. त्यातही जगभरातून आलेले वाटेकरी असतात. गंमत म्हणजे २०२१ पर्यंत तिथल्या कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावाच्या जाहिरातीतून पैसे घ्यायला मनाई होती. हजारो लोक तिकीट काढून त्याला बघायला यायचे, प्रशिक्षकाचा पगार कोटींत, आणि पोरगा आपला होस्टेलवर. आमच्याकडे निदान सगळेच सारखे उपाशी. प्रशिक्षकसुद्धा.

उंचीबद्दलचा समजही तसाच फसवा. टायरोन ‘मगसी’ बोग्स हा जेमतेम पाच फूट तीन इंचांचा गडी वेक फॉरेस्ट विद्यापीठातून खेळला, १९८७ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि चौदा हंगाम एनबीएत टिकला. पहिल्याच वर्षी त्याच्या संघात मनूट बोल होता, सात फूट सात इंचांचा. दोघांचे एकत्र फोटो आहेत. एक माणूस आणि त्याच्या कमरेशी दुसरा. पाच फूट तीन इंच ही आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींची उंची. ही माहिती लंबूने त्यांना दिली तेव्हा ते नुसते हसले. मात्र त्या संध्याकाळी, अंगणात कुणी नाही असं पाहून, त्यांनी एकदा रिंगकडे चेंडू टाकला. गेला की नाही, ते जाळी नसल्यामुळे सांगता येत नाही.

आपल्याकडून तिथवर कोण पोहोचलं? पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. रिंग सुटली नाही, एवढंच. २०१५ च्याच एप्रिलमध्ये भारतीय वंशाचा सिम भुल्लर एनबीएच्या कोर्टावर उतरला. हा कॅनडात वाढलेला, न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून आलेला, सात फूट पाच इंचांचा. तीन सामने, त्यातही मोजकी मिनिटं.

आणि भुल्लरला ज्या संघाने उतरवलं त्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक कोण? विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेले, एमआयटीत शिकलेले. २०१३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी संघ विकत घेतला. त्याआधी ते आपल्या मुलीच्या संघाचे प्रशिक्षक होते. बारा वर्षांच्या मुली, खेळात फारशा तरबेज नाहीत, आणि स्वतः प्रशिक्षक आयुष्यात बास्केटबॉल न खेळलेले. त्यांनी विचार केला, समोरचा संघ आरामात अर्धं कोर्ट चालत येतो आणि आपण मागे जाऊन त्याची वाट बघतो, हे कशासाठी? त्यांनी मुलींना सामनाभर, पूर्ण कोर्टभर समोरच्याच्या मागे लावलं. मुली जिंकत सुटल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि तो गाजला. किंग्ज आणि इंडियाना पेसर्स २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सामने खेळून गेले. पहिल्या दिवशी स्टँड शाळकरी मुलांनी भरलेले होते, आणि सामना जादा वेळेत जाऊन पेसर्सनी एका गुणाने जिंकला. आमच्या मजल्यावर मात्र चर्चा वेगळीच झाली. मराठी आडनावाच्या माणसाने कंपनीत चिकटायचं सोडून आख्खी कंपनीच घेतली, हे कुणाच्या पचनी पडेना. बाबा म्हणाले, “कर्ज काढलं असणार.”

इथेही लीग आल्या. २०१५ मध्ये यूबीए सुरू झाली, तीत मुंबई चॅलेंजर्स होते आणि पुणे पेशवाज होते. २०१७ नंतर ती दिसेनाशी झाली. पेशवाई १८१८ मध्ये एकदा बुडालीच होती, त्यामुळे पुणेकरांनी फार मनाला लावून घेतलं नाही. मग २०२२ मध्ये आयएनबीएल आली, तिच्यात मुंबई टायटन्स. मधल्या काळात कबड्डीने मात्र बाजी मारली. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि टिकली. कल्याणचा गिरीश इरनाक पुणेरी पलटणकडून पकडी करताना घराघरांत दिसू लागला. ज्या खेळाला आई “माती लावून येतोस” म्हणून ओरडायची, त्या खेळात बोली लागायला लागली. बास्केटबॉलवाले हे सगळं उंचावरून बघत राहिले. उंचावरून बघणं त्यांना जमतंच.

लंबूने एकदा घरात विषय काढला होता. दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा. भिंती पातळ असल्यामुळे संभाषण आम्हाला ऐकू आलं.

“बाबा, प्रोफेशनल खेळायचं म्हणतोय.”

“बरं. पर्मनंट आहे का?”

“तसं नसतं हो. कॉन्ट्रॅक्ट असतं. दोन वर्षं, तीन वर्षं.”

“म्हणजे टेम्पररी.”

“एनबीएतसुद्धा कॉन्ट्रॅक्टच असतं, बाबा.”

“असेना.”

“पण तिथे तीन वर्षं खेळलं की पेन्शन लागू होते.”

यानंतर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. बाबांनी चष्मा काढून ठेवला असावा.

“जुनी की नवी?” त्यांनी विचारलं.

हसण्यासारखं आहे, पण प्रश्न चोख होता. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली, आणि डोंबिवलीत तेव्हापासून मुलाच्या नोकरीची चौकशी याच प्रश्नाने होते. एनबीएच्या झगमगाटात बहुतेकांची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपते. इथला माणूस साठीपर्यंत मस्टरवर सही करतो. बाबांना खेळाचा राग नव्हता. मुलाचा निदान एक पाय जमिनीला असावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि भारतात कॉलेजच्या बास्केटबॉलपटूला असा पाय रोवायला जागा पिढ्यान्‌पिढ्या मिळत आली आहे. तिचं नाव स्पोर्ट्स कोटा. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, प्राप्तिकर खातं, पोलीस, सैन्यदलं. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीने खाती उतरतात, आणि बायकांच्या स्पर्धेत तर रेल्वेने वर्षानुवर्षं क्वचितच कुणाला उभं राहू दिलं आहे. भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलेली पुण्याची शिरीन लिमये जो खेळ खेळते, त्या खेळात मुलींना स्वप्नं दाखवायला लीग फारशा नाहीत, खाती आहेत. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या पाच टक्क्यांची महती एवढी की मध्यंतरी ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं. ज्यांनी ट्रॅम्पोलिन जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनी त्यावरून थेट सरकारी नोकरीत उडी मारायचा बेत केला होता.

रेल्वेच्या भरतीत चाचणी असते. शंभरातले पन्नास गुण आधीच्या कामगिरीला, चाळीस मैदानातल्या चाचणीला आणि शिक्षणाला दहा. हे कळलं तेव्हा लंबूची आई हळहळली. बालवर्गापासून क्लास लावले, दप्तरं वाहिली, व्यवसायमाला भरून घेतल्या, त्या सगळ्याची किंमत दहा गुण. उरलेले नव्वद पाहुण्यांच्या त्या एका वाक्यातून आले.

लंबूला रेल्वेत घेतलं. टीसी म्हणून. पेढे वाटताना बाबांनी दारोदार सांगितलं, “पर्मनंट आहे.” बास्केटबॉलचा उल्लेख त्यांनी केला नाही, विचारल्यावर म्हणाले, “हो, ते पण खेळतो.”

या नोकरीची एक प्रतिष्ठित परंपरा आहे. महेंद्रसिंग धोनी खरगपूरला दक्षिण पूर्व रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने पाय उचलला, आणि त्याच्या बाबतीत शिट्टी वाजली नाही. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत. त्याने पाय रोवलेलाच ठेवला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. पदकानंतर रेल्वेने त्याला बढती दिली. पहिला मार्ग शूरांचा म्हणतात, दुसरा सावधांचा. मला दुसऱ्यातलं धाडस जास्त दिसतं. सकाळी सराव करायचा, मग काळा कोट चढवायचा, स्पर्धेसाठी रजेचा अर्ज लिहायचा, साहेबांचा मूड बघून तो पुढे करायचा, आणि हे सगळं करत नेम हलू द्यायचा नाही. पिव्हट म्हणजे एका जागी उभं राहणं असं बाहेरून वाटतं. आतून पाहिलं तर एक पाय जराही हलत नाही आणि बाकीचा सगळा माणूस सतत फिरत असतो. कल्याण-डोंबिवलीतली अर्धी नाटकं, गाण्याचे अर्धे क्लास, ढोलपथकं, ट्रेकिंगचे ग्रुप आणि दिवाळी अंकांतल्या बऱ्याच कथा अशाच एका पायावर फिरून झालेल्या आहेत. दुसरा पाय साडेआठच्या गाडीत असतो.

लंबू दहा-बारा वर्षं आपल्या खात्याकडून खेळला. मग गुडघ्याने नोटीस दिली. बास्केटबॉलपटूचा गुडघा निवृत्तीची तारीख खात्याला विचारून ठरवत नाही. आता रविवारी सकाळी तो खडकपाड्याच्या एका संकुलातल्या अर्ध्या कोर्टावर मुलांना शिकवतो. तिथे त्याने पहिलं काम केलं ते रिंगला जाळी बांधायचं, स्वतःच्या पैशांनी. शिडी लागली नाही. मुलं पहिल्या दिवसापासून लांबून बास्केट मारायला बघतात, कारण मोबाइलवर तेच दिसतं. हा त्यांना महिनाभर चेंडूच देत नाही. गुडघे वाकवून, हात पसरून, आडवं सरकायला लावतो. “समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नका,” तो सांगतो. “डोळे फसवतात. खांदे फसवतात. हातातला चेंडूसुद्धा फसवतो. कमरेकडे बघा. कंबर जाते तिकडेच माणूस जातो.” एका मुलाच्या आईने त्याला विचारलं, “सर, याचा पुढे काही उपयोग असतो का हो?” लंबूने प्रामाणिकपणे सांगितलं, “मला तर रोज होतो.”

होतो, हे मी पाहिलंय. कल्याण स्टेशनच्या पुलावर तो काळा कोट घालून उभा असतो. एवढा उंच टीसी लपून उभा राहू शकत नाही, त्यामुळे विनातिकीट प्रवाशांना तो जिन्याच्या खालूनच दिसतो. त्यांची तयारी तिथूनच सुरू होते. कुणी फोन कानाला लावतो, कुणी लहान मुलाच्या बापाचा आव आणतो. परवा एक तरतरीत तरुण अगदी शांतपणे डावीकडच्या घड्याळाकडे बघत आला, आणि शेवटच्या पावलाला उजवीकडच्या गर्दीत घुसला. हूल नामी होती. विद्यापीठाच्या संघात घ्यावी अशी. पण तो घुसला तिथे लंबू आधीच पोहोचलेला होता. पळाला नाही, ओरडला नाही. एका पायावर नुसता वळला होता.

तरुणाने मुकाट्याने पाकीट काढलं. अडीचशे रुपये दंड, वर भाडं. पावती मिळेपर्यंत तो लंबूकडे मान वर करून बघत होता, आणि इतक्या उंच माणसाला जगात सगळेच जे विचारतात ते त्यानेही विचारलं, “सर, तुम्ही बास्केटबॉल वगैरे खेळता का?”

“खेळतो ना,” लंबू सुटे पैसे मोजत म्हणाला. “तुमच्याशीच खेळलो आत्ता.”